न्यायमूर्तींचा भाऊ

उच्च न्यायालयाची न्यायमूर्ती झाल्यावर समीक्षा पहिल्यांदाच नाते गावातल्या माहेरी आली होती. रस्त्यावर पोलिसांची गाडी, पडवीत अर्धा गाव. थोरल्या भावाच्या, राजेश वकिलांच्या टेबलावरचे खटल्यांचे गठ्ठे कुणीतरी उचलून खाली ठेवले होते आणि तिथं शाली-नारळांचा ढीग लागला होता. तिला बसवलं होतं तेही राजेशच्याच खुर्चीत. तो खांबाला टेकून उभा होता.

सरपंच तिची माहिती सांगत होते. शेतकऱ्याची मुलगी. आधी महाडच्या कोर्टात वकिली, मग दिवाणी न्यायाधीश, मग जिल्हा न्यायाधीश, आणि आता थेट उच्च न्यायालय. "चिमणीच्या उजेडात अभ्यास केला ताईंनी. पाठीवर कुणाचा हात नाय!"

टाळ्या पडल्या. राजेशनंही वाजवल्या.

न्यायाधीशाची परीक्षा आधी त्यानं दिली होती. पुण्याहून पुस्तकं त्यानं आणली, पुराव्याचा कायदा तिला त्यानं शिकवला, आणि तो ट्यूबलाइटखाली. पुढच्या वर्षी दोघं बरोबर बसली. मुलाखतीनंतर ती लागली, तो राहिला. तेव्हापासून तिची प्रत्येक बढती त्यानं पेपरात वाचली होती, आणि दर वेळी महाडच्या कोर्टात पेढे त्यालाच वाटावे लागले होते.

बरीचशी माणसं गेल्यावर शेजारच्या वाडीतला महिपत त्याच्याजवळ सरकला. त्याच्या शेतवाटेचा दावा राजेशनं लढवला होता. खालच्या कोर्टात हरले, म्हणून मुंबईला उच्च न्यायालयात अपील केलेलं. तिथं उभा राहणारा वकील दुसरा होता, पण कागद सगळे राजेशनंच तयार केलेले.

"वकीलसाहेब, आता कसली काळजी? ताय घरच्याच हायेत. एक शब्द टाका."

राजेशनं तिथंच त्याला झापायला हवं होतं. पण त्याच्या मनात भलतंच आलं. महिपत हे वाडीत सांगेल, वाडीवरून ते महाडच्या बाजारात जाईल, बाजारातून कोर्टात. भावाच्या वशिल्यानं निकाल लागतात म्हणतील. पुढं खोटं ठरलं तरी तिच्यावरचा डाग काही जायचा नाही. या विचारानं त्याला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बघू," तो म्हणाला.

समीक्षा खुर्चीतून उठली. तिनं ऐकलं होतं.

"महिपतकाका, दादा ज्या दाव्यात वकील होता, तो माझ्यापुढं येत नाही. तसं मी लिहून दिलंय."

"कधी?" राजेशनं विचारलं.

"शपथ घेतली त्याच दिवशी."

असं लिहून द्यायचंच असतं, हे त्यालाही माहीत होतं. पण त्याच्या मनात जे आत्ता आलं, ते तिनं कधीच ओळखून ठेवलं होतं, असं त्याला वाटलं. त्याचा राग आला की लाज वाटली, हे त्याला कळेना.

महिपत गोंधळला होता. त्यानं एकदा राजेशकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग अगदी भाबडेपणानं तिलाच विचारलं, "मंग ताय, मी वकील बदलला तर चालंल?"

उरलीसुरली माणसंही तिकडं वळली.

राजेश बहिणीच्या तोंडाकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. आत्ता एकच वाक्य हवं होतं. काका, वकील चांगला आहे तुमचा. बास, एवढंच. महिपतसमोर, गावासमोर.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. ओठ हललेसे वाटले.

"त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही, काका."

उत्तर बरोबर होतं. त्या खुर्चीत तो असता, तर त्यानंही हेच दिलं असतं. हेच त्याला सहन होईना.

त्यांची आई राहीबाई दारातून सगळं ऐकत होती. ती पुढं आली. "अगो, सख्खा भाऊ हाय ना तो तुझा!"

"म्हणूनच, आये," समीक्षा म्हणाली, आणि चपला घालायला खाली वाकली.