राघूनं टोचलेला पेरू

मी वाचा-उपचाराचं एम.एस्सी. करते. अडखळत बोलणाऱ्यांना काय सोसावं लागतं ते कळावं म्हणून मॅडमनी सुट्टीत गृहपाठ दिला: दिवसभर आपल्या गावात मुद्दाम अडखळत बोलायचं, आणि त्या दिवशी कारण कोणालाही सांगायचं नाही.

सेलूच्या बाजारात मी "भ... भ..." करत भेंडीपर्यंत पोचायच्या आत भाजीवाल्या प्रेमदासभाऊंनी पिशवीत भोपळा टाकला. ते ऐकून बाजारात आलेल्या आमच्या शेजारच्या जिजाबाईंचा जीव कळवळला. त्यांनी मला त्यांच्या घरी ओढत नेलं आणि त्यांच्या राघूनं टोचलेला पेरू हातात ठेवला.

"खाय पोरी. राघूचं उष्टं खाल्लं का वाचा मोकळी होते."

कारण सांगायची बंदी होती. खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईशी घडाघडा भांडले, ते गल्लीनं ऐकलं. दुपारपर्यंत जिजाबाईंच्या दारात रांग. सगळ्यात पुढे प्रेमदासभाऊ, त्यांच्या अडखळणाऱ्या लेकीला घेऊन. तिला उपचाराला न्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते!

मी धावतच गेले. "भाऊ, मले काहीच झालं नव्हतं! कॉलेजचं काम होतं, मी मुद्दाम करून राह्यली होती! पेरूनं काही होत नाई, पोरीले उद्याच दवाखान्यात घेऊन चला!"

एका दमात बोलले. प्रेमदासभाऊंचे डोळे भरून आले.



"काल हिले भोपळा म्हणता येत नव्हतं," ते म्हणाले. "जिजाबाई, माह्या पोरीले दोन द्या."