परत पाठवलेला पॅच

"थांब. तीच ओळ परत वाच," अनिलकुमार म्हणाला.

तुळजानं डोळे चोळले आणि पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. कंस, स्वल्पविराम, चिन्हं, सगळ्यासकट. एकही खूण गाळून चालत नसे.

"तिथं नुसतं मोठं हाय, का मोठं किंवा समान?"

"नुसतं मोठं."

"मग चुकला की गडी!" अनिलकुमारनं मांडीवर थाप मारली.

बिदरजवळच्या नौबादच्या घरातली ही पुढची खोली म्हणजे त्याचं ऑफिस. हुमनाबादच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रक घासून गेला, डोक्याला मार बसला आणि दोन्ही डोळे गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तो भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. एकदा तर गच्चीच्या कठड्यावर पाय ठेवून उभा असलेला वडिलांना सापडला. मग तो आधी काम करायचा त्या बेंगलोरच्या कंपनीनं घरून काम करायची सोय दिली. दुसऱ्यांनी लिहिलेले कोडमधले बदल, म्हणजे पॅच, तपासायचे. बोलणारं सॉफ्टवेअर त्यानं लावून बघितलं, पण त्या यांत्रिक इंग्रजीनं त्याचं डोकं ठणकायचं. शेवटी बायकोच वाचायला बसली. तुळजा बिदरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. दुपारी घरी यायची, दोन घास खायची आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढायची.

हा पॅच सर्व्हर कोसळण्याबद्दलचा होता; वर नेहमीच्याच एका पोराचं नाव होतं. मशीन कोसळलं की त्या क्षणी त्याच्या मेमरीत काय होतं ते जपून ठेवावं लागतं, नाहीतर बिघाड कशानं झाला ते कधीच कळत नाही. त्यासाठी मेमरीचा एक तुकडा आधीच राखायचा. किती मेमरीच्या मशीनला केवढा तुकडा, हे मशीन सुरू होतानाच एका ओळीत सांगायचं. ती ओळ वाचणारं कोड पॅचमध्ये होतं.

"बरोब्बर दोन जीबीचं मशीन आलं तर?" अनिलकुमार म्हणाला. "पहिला हिस्सा दोनच्या अलीकडं संपतो, दुसरा दोनच्या पलीकडं सुरू होतो. मधलं मशीन लोंबकळायलंय. कोसळलं की हातात काही राहणार न्हाई. मागल्या वेळी दुसरीकडं चुकला, आज इथं. झोपेत लिहायलाय का ह्यो?"

तुळजाची बोटं कीबोर्डवर थांबली. "दमला असंल."

"दमला असंल तर दुसऱ्याला द्यावं काम."

"दुसरं कुणी नसंल तिथं."

"तू कामून त्याची बाजू घ्यायलीस?"

"मी कशाला घेऊ? सांगा, काय लिहू?"

त्यानं सांगितलं, तिनं टाइप केलं. शेवटी तिनं जोरात बटण दाबलं.

"गेलं?"

"गेलं."

तिच्या सासूबाई बाणूबाई चहा घेऊन आल्या. लेकानं कप हातात घेतल्यावर त्या म्हणाल्या, "काम लागल्यापासून लेकरू पोटभर जेवायलंय. माझ्या जिवाला तेवढंच बास हाय." तुळजानं चहा घेतला नाही. ती पाच मिनिटं टेबलावर डोकं टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त पॅच आला. अनिलकुमारनं तो दोनदा वाचून घेतला. चिन्ह बदललं होतं. मेमरीपेक्षा राखीव तुकडा मोठा मागितला तर नकार द्यायची ओळही होती. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

"लिही, मंजूर," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात धार नव्हती. "आणि चांगलं काम केलंस म्हणावं. पोरगं शिकलं बघ, तुळजा. डोळे नसले तरी एक पोरगं घडवलं मी."

"व्हय," ती म्हणाली.

"त्याचा फोन नंबर माग की. एकदा बोलतो त्याच्याशी. लई टोचून बोललोय त्याला."

"नंबर द्यायला कंपनीत परवानगी नसते म्हणं."

"मग राहू दे. उद्या नवीन येईल न्हवं?"

"येईल."

तो उठला. काठी टेकत, भिंतीला हात न लावता अंगणात गेला आणि आईला हाक मारून काहीतरी हसत सांगू लागला.

तुळजा बसून राहिली. मान भरून आली होती. कॉलेजच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडला होता. तो तिनं बाजूला सारला आणि नवी फाइल उघडली. वर त्याच पोराचं, तिनंच रचलेलं नाव टाकलं. खाली नीट चालणारं, बिनचूक कोड उतरवलं. त्यातली एक ओळ तिनं काढली, थोडा विचार केला आणि परत ठेवली. ही चूक त्याला पहिल्या वाचनातच सापडली असती. जरा खालची, ऐकताना सुटेल अशी ओळ तिनं निवडली आणि मोडली.

कंपनीनं अनिलकुमारला कामावरून कमी केल्याचं पत्र तिनं त्याला वाचून दाखवलंच नव्हतं; त्याला येत्या दिवाळीत वर्ष होणार होतं.