जाड डोलकाठ्या

धाकट्याने नवं जहाज टेबलावर ठेवलं आणि उगाचच चष्मा पुसत बसला.

थोरल्याने भिंग उचललं. वीतभरही नसलेली शिडांची स्पॅनिश युद्धनौका. दोघे भाऊ अशा नौकांच्या जुन्या लढाया टेबलावर खेळत. स्पॅनिश ताफा थोरल्याचा, इंग्रजांचा धाकट्याचा. जहाजं बनवायची धाकट्याने आणि चुका काढायच्या थोरल्याने, अशी रीतसर वाटणी. चुका काढण्यात थोरल्याचा हात कुणी धरला नसता. एकदा झेंड्यातला पिवळा पट्टा जरासा अरुंद झाला, तर या गृहस्थाने अख्खा ताफा पुन्हा रंगवायला लावला होता.

पण गेल्या खेपेला जहाज पुढे सरकवताना त्याचा हात थरथरला आणि सुईसारख्या बारीक डोलकाठ्या काडकन मोडल्या. "आता डोळ्यांना झेपत नाही रे," म्हणत त्याने खेळच बंद केला. डोळ्यांना काय धाड भरली होती! तेव्हापासून धाकट्याला जेवण गोड लागत नव्हतं.

"रंग बरोबर. तोफा बरोबर," थोरला पुटपुटला. मग भिंग थांबलं. "आणि हे रे काय? डोलकाठ्या आहेत की विजेचे खांब?"

"तशाच असायच्या, दादा."

"कुठे? तुझ्या सासुरवाडीला?"

चहा घेऊन आलेल्या वहिनीला हसू फुटलं. धाकट्याचे कान लाल झाले. जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून एक चूक केली, तर तीही बिचाऱ्याला धड निभावता येईना.

"अरे, खऱ्या जहाजावर एवढी जाड काठी..." दाखवता दाखवता थोरल्याने ती काठीच चिमटीत धरली. हात थरथरला. जहाज टेबलावर खडखडलं. काठी मोडली नाही.

काठी तशीच धरून थोरल्याने जहाज पुढे सरकवलं. मागे घेतलं. पुन्हा सरकवलं. धाकट्याकडे त्याने पाहिलं नाही. वहिनी हातातले कप खाली ठेवायचं विसरून उभी राहिली.

शेवटी थोरल्याने जहाज टेबलाच्या आपल्या बाजूला नेऊन ठेवलं.

"इंग्रजांच्याही अशाच कर," तो म्हणाला. "नाहीतर माझ्याच तेवढ्या जाड दिसतील."