कसं चाललंय?

परवाना कचेरीतल्या वेदनामापक यंत्राने विशाखाबाईंच्या मनगटाला पट्टा बांधला आणि आपुलकीने विचारलं, "काय बाई, कसं चाललंय?"

"चाललंय आपलं," बाई सवयीने म्हणाल्या.

"अर्जदार चालतात. दिव्यांगांच्या पार्किंगचा परवाना नामंजूर."

"अरे मेल्या, कंबरेतून नुसत्या कळा मारताहेत! गाडीपासून तुझ्या दारापर्यंत येताना तीनदा बसले मी!"

"कळा पट्ट्यावर दिसताहेत. भयंकर आहेत. पण अर्जदाराचा शब्द अंतिम."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नवऱ्यापासून डॉक्टरांपर्यंत ज्याने ज्याने विचारलं, त्याला आपण इतकी वर्षं हेच उत्तर देत आलो, हेही त्यांना आठवलं.

"मग ऐक. मला बसवत नाही, उठवत नाही, चालवत तर मुळीच नाही. फार दुखतं रे."

हे त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या.

यंत्र घुरघुरलं. "परवाना मंजूर."

बाईंचा जीव भांड्यात पडला. काठीच्या आधाराने त्या कशाबशा उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून हसत म्हणाल्या, "बरं, येते हं!"

यंत्राचा दिवा लाल झाला.

"पुन्हा यायला जमतंय तर! परवाना रद्द."