जिन्यावरची ट्यूब

“जिन्यावरचा दिवा रोज तिन्हीसांजेला तूच लाव. त्यात खंड पडू देऊ नकोस.” सासूबाईंनी जाताना थोरलीचा हात धरून एवढंच सांगितलं होतं.

पुढे घराची वाटणी झाली, मधे भिंत उभी राहिली आणि दोघी जावांचं बोलणं तुटलं. जिना तेवढा सामाईक राहिला. दिव्याचं बटण थोरलीच्या दाराआत, मधल्या भिंतीवर आलं. नऊ वर्षांत तिचा नेम एकदाही चुकला नव्हता. तापानं फणफणली असतानाही ती भिंत धरधरून बटणापर्यंत आली होती. उभ्या जन्मात आपण एक शब्द तरी पाळला, या एका गोष्टीच्या जोरावर ती ताठ मानेनं वावरत होती.

आज तिनं वायरमनला बोलावलं होतं.

“याच लाइनीवरून पुढे दोन दिवे वाढवा. एक माझ्या दारावर. दुसरा असा लावा, की शेजारच्या दारात कोण येतं-जातं ते स्वच्छ दिसेल.”

“शेजारी विचारलंत का, काकू?”

“तिला काय विचारायचं? या घरात पाऊल टाकल्यापासून तिनं जिन्यावर कधी उजेड केला असेल, तर नाव बदला माझं.”

शेजारचं दार उघडलं. धाकटी उंबऱ्यातच उभी राहिली. “वायर माझ्या भिंतीवरून जाणार नाही.”

“भिंत काय माहेराहून आणलीस?”

“भिंत नाही, कान आणलेत. तुमची टकळी ऐकायला. आणि दिवे खुशाल लावा, जाऊबाई. माझ्याकडे माणसं येतात तरी!”

दार धाडकन आपटलं.

“मोठ्यातला मोठा बल्ब घाला,” थोरली दात आवळून म्हणाली.

वायरमननं शिडी लावली. “आधी ही ट्यूब लावून ठेवा. तुमचा मेन स्विच पाडला की विझली पाहिजे. त्याशिवाय मी वायरीला हात लावत नाही.”

थोरलीनं बटण दाबलं. खट्ट. दोन-तीन क्षण गेले, मग ट्यूब लागली.

“उशिरा लागते की.”

“म्हातारी झालीय. पण रोज लागते बरं.”

त्यानं मेन पाडला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. ट्यूब मात्र तशीच.

थोरलीचे डोळे चमकले. “बघितलंत? चोरटी मेली! आमच्या लाइनीत हिनंच काहीतरी करून ठेवलंय. उघडा तो बोर्ड. आज चार लोकांत लाज काढते तिची.”

वायरमननं स्क्रू सोडवून झाकण काढलं. त्यानं आत डोकावून पाहिलं.

“काकू, या बटणाला वायरच नाही.”

“म्हणजे?”

“भिंत घातली तेव्हाच तुटलेली दिसतेय. टोकं हिरवी पडलीत. ट्यूब शेजारच्यांच्या मीटरवर आहे.”

थोरली त्या पोकळ खोक्याकडे बघत राहिली.

“झाकण लावा.”

“आणि नवे दिवे?”

“झाकण लावा म्हटलं ना!”

वायरमननं झाकण लावलं, मेन चढवला, हत्यारं आवरली, बटण बंद केलं आणि तो गेला.

तिन्हीसांज झाली. थोरली उठली, आवाज न करता दारापाशी आली. आधी तिनं भिंतीला कान लावला. मग बटण दाबलं.

खट्ट.

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, अनवाणी पावलं धावत आली, आणि अगदी हळू, इकडे ऐकू जाऊ नये असं जपून, कुणीतरी दुसरं बटण दाबलं.