कडू काढ्याची बाटली

“तुमच्या हातानंच भरा,” औषधं तपासणाऱ्या सरकारी अधिकारी बेर्रादा बाई म्हणाल्या आणि त्यांनी रिकामी बाटली सी बुशाईबच्या पुढ्यात ठेवली. “राबातच्या प्रयोगशाळेत आम्ही ह्याचा अर्क काढून उंदरांना पाजू. निर्धोक निघाला तर सरकारी शिक्का. नाही तर दुकानाला कुलूप.”

सी बुशाईब हसला. आझेमूर गावातल्या आपल्या गल्लीत तो तीस वर्षं मधुमेहावरचा कडू काढा विकत होता आणि तीस वर्षांत त्याला घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात त्याचं एक जुनं गिऱ्हाईक अचानक गेलं. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. सी बुशाईबही तेच म्हणाला, जरा जास्तच वेळा.

“बाटली विसळून आणतो,” तो म्हणाला. बाटली स्वच्छच होती.

शेजारचा मसालेवाला अल्लाल दुकानातल्या गार हंड्याला टेकून ऑलिव्ह चघळत बसला होता. “विसळ, विसळ. तुझ्या काढ्यानं नाही तर बाटलीच्या धुळीनं मरायचे उंदीर!”

सी बुशाईब जिना चढून वर घरात गेला. वर त्याची मुलगी झहूर बाळंतपणाला आलेली. बाळ आठ दिवसांचं. चुलीवर किटली उकळत होती, आणि त्याची बायको तामो पेला भरत होती. बाळंतिणीचा काढा, सकाळ-संध्याकाळ. तामोला तिच्या आईनं दिला, ती लेकीला देत होती.

“ह्या खेपेला गोड लागतो गं,” झहूर म्हणाली.

“मुळ्या आणणारी म्हातारी वारली. आता तिची सून आणते. गोड तर गोड, पी मुकाट्यानं.”

सी बुशाईब खाली आला तेव्हा बाटली भरलेली होती, बुचावर मेण लावलेलं. बेर्रादा बाईंनी ती रुमालात गुंडाळून धरली आणि पिशवीत ठेवली.

मग वाट बघणं सुरू झालं. सी बुशाईबनं हंड्याखाली जाळ पेटवलाच नाही. “शिक्का आला की,” असं सांगून गिऱ्हाइकं परत पाठवायचा. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली की उठून उभा राहायचा, गाडी गेली की बसायचा.

“अरे, एवढा घाम उंदरांनासुद्धा फुटला नसेल,” अल्लाल म्हणायचा. “बाटलीत काय भरलंस असं?”

“काढा.”

“मग झोप की स्वस्थ.”

झोप येत नव्हती. जेवणावर वासना नव्हती.

“अहो, झहूरही जेवत नाही,” एके दुपारी तामो म्हणाली. “पडून असते नुसती. डोळे पिवळट दिसतात मला.”

“बाळंतीण आहे, थकायचीच. काढा देतेस ना?”

“एकदासुद्धा चुकवला नाही.”

“मग झालं तर,” तो म्हणाला. कान गल्लीकडे होते.

पंधराव्या दिवशी बेर्रादा बाई आल्या. सोबत एक शिपाई होता, आणि शिपायाच्या हातात कुलूप.

अल्लालच्या तोंडातली ऑलिव्हची बी तोंडातच राहिली.

“पाचव्या दिवशी उंदरांनी खाणं सोडलं,” बाई म्हणाल्या. “बाराव्या दिवसापर्यंत सगळे मेले. यकृताचा पार चोथा झाला होता. तुमच्या काढ्यात एका रानकाट्याचं मूळ आहे, सी बुशाईब. विषारी. ओळखण्यात चूक होते, आणि चवीला गोड असतं, म्हणून लोक फसतात.”

“गोड?” अल्लाल मित्राच्या बाजूनं उसळला. “बाई, ह्याचा काढा प्यायलेला माणूस दोन दिवस तोंड वाकडं करून हिंडतो! विचारा गावाला!”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वही उघडली.

“दुकानाचं पुढे बघू. आधी माणसं शोधायला हवीत, अजून वेळ असेल तर. नीट आठवून सांगा. त्या बाटलीत होता तो काढा तुम्ही किती जणांना दिलात?”

सी बुशाईब जिन्याकडे बघत होता. वर किटलीतून पेल्यात धार पडल्याचा आवाज झाला.

“एकीलाच,” तो म्हणाला. “सकाळ-संध्याकाळ.”