विनाअपघात

"गाडी मीच चालवत होतो," वासुदेवराव तिसऱ्यांदा म्हणाले.

शेजारी बसलेल्या स्पृहानं ते जर्मनमध्ये सांगितलं. इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करता करता ती कोर्टात दुभाष्याचं काम करायची. न्यायाधीशबाईंनी अपघातग्रस्त गाडीचे फोटो पुढे सरकवले.

"ड्रायव्हरची सीट पार मागे होती. तुमची उंची ही एवढी. पाय पोचले कसे?"

"पोचले."

खोटं बोलायची सवयच नाही हो त्या माणसाला! उभा जन्म एसटीची बस चालवली, तीही घाटात. कधी कुत्र्याला धक्का लागला नाही. डेपोनं विनाअपघात सेवेचा बिल्ला दिला, तो सांगलीच्या घरी अजून देवांशेजारी असतो. आणि इथं जर्मनीत, नेकारसुल्म गावी मुलाकडे पाहुणे म्हणून आले काय, सायकलवरच्या एका आजीबाईंचा जीव घेतला म्हणे!

खरं तर स्टिअरिंगवर त्यांचा उंचापुरा मुलगा राजस होता. नजर मोबाइलवर. "अरे, समोर बघ," असं वासुदेवरावांनी दोनदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. तो कधी ऐकायचाच नाही. एसटीत चिकटवतो म्हटलं, नको. पुण्यातच नोकरी बघ म्हटलं, तेही नको. आजीबाई रस्त्यावर पडल्या तेव्हा मात्र साहेबांना बाप आठवला. "बाबा, माझी नोकरी जाईल. मला इथून हाकलतील."

पोलीस यायच्या आत वासुदेवराव ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "मी चालवत होतो. तू तोंड उघडायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. मी काय, पिकलं पान."

तुरुंग होऊ शकतो, असं वकिलानं बजावलं होतं. तरी म्हातारा हटला नाही.

आता न्यायाधीशबाई राजसकडे वळल्या. "तुम्ही यांचे चिरंजीव. वडिलांविरुद्ध साक्ष द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. आपण स्वतः अडकू असं काही सांगायचीही नाही. गप्प राहणं हा तुमचा हक्क आहे. बोलायचंय काही?"

स्पृहानं ते मराठीत सांगितलं. वासुदेवरावांनी सकाळपासून पहिल्यांदाच मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिले.

राजस उभा राहिला. बापाकडे पाहायचं त्यानं टाळलं. मग बुटांकडे बघत जर्मनमध्ये काहीतरी दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला.

"काका," स्पृहा त्यांच्याकडे झुकली, "तो म्हणतोय, की..."

"कळलं गं बाळा. नाइन म्हणजे नाही, एवढं येतं मला."

त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. पुसतच राहिले.

"लहानपणापासून एकदा म्हणून माझं ऐकलं नाही पोरानं," ते म्हणाले. "आणि आज नेमकं ऐकलं."